लाज कशाची, भीड कुणाची

प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजकार्याचं शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी बीड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांत बायकांच्या आजारपणाची माहिती गोळा करते आहे. मूळ प्रश्नावली इंग्रजीतली. भाषांतर करताना एकाच इंग्रजी शब्दाच्या जागी कुठे ‘लाज’, कुठे ‘संकोच’, तर कुठे ‘भीड’ पडलंय. ‘उपचार घ्यायला लाज वाटली का?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक बाई ‘नाही’ म्हणते, आणि तीच बाई वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढत असते. तर शब्द कोणता ठेवावा, आणि या ‘नाही’चं काय करावं?

आरोग्याच्या प्रश्नावल्या मराठीत आणायच्या आणि त्या घेऊन गावात जाणाऱ्या मुलामुलींना तयार करायचं, हे माझं मराठवाड्यातलं जुनं काम. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी त्या ‘नाही’बद्दल. तुमचा प्रश्न एकदा मोठ्यानं म्हणून बघा. ‘लाज वाटली का?’ मराठीत हे वाक्य विचारपूस म्हणून कुणी वापरतच नाही. ‘लाज नाही वाटत का?’ हे भांडणातलं वाक्य आहे. सासू सुनेला म्हणते, मास्तर पोराला म्हणतात, नळावर बाया एकमेकींना म्हणतात. बाईच्या कानावर तुमचा प्रश्न पडतो तो याच चालीवर. म्हणून ती लगेच सावरून बसते: ‘लाज कशाची ओ? म्या काय चोरी केली का?’ तुम्ही ‘नाही’वर खूण करता. खरं तर तिनं तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नसतं, अंगावर आलेला आरोप तेवढा झटकलेला असतो.

लाज हा शब्द मराठीत फार पसरलेला आहे. नवी नवरी लाजते, ते गोड. पोरानं घराण्याला लाज आणली, ते कडू. ‘देवा, लाज राख’ म्हणताना लाज म्हणजे अब्रू. ‘लाज झाकायपुरतं कापड’ म्हणताना लाज म्हणजे थेट उघडं अंग. आणि ‘जनाची नाही तर मनाची तरी’ असं आपण म्हणतो तेव्हा एकाच शब्दाचे दोन भाग करून ठेवतो: लोक बघतील म्हणून वाटणारी, आणि कुणी बघत नसतानाही आतून खाणारी. तुमच्या मूळ प्रश्नाला यातली नेमकी कोणती हवी आहे? प्रश्न तयार करणाऱ्यांनी बहुधा एवढा विचार केलेला नसतो, भाषांतर करणाऱ्याला मात्र तो करावाच लागतो.

शिवाय क्रियापद बदललं की लाजेची जातच बदलते. लाज वाटते, ती भावना. लाज धरायची, ती रीत. ‘थोरल्या दिराची लाज धरावं लागते’ असं एखादी बाई सांगते तेव्हा तिला काही वाटतं आहे असं नाही. दीर अंगणात आला की डोईवर पदर घ्यायचा, आवाज खाली करायचा, समोर खाटेवर बसायचं नाही, एवढंच ती सांगत असते. जनाबाई आपल्या गंगाखेडची. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असं ती म्हणते, तेव्हा तिनं नेमकी ही धरलेली लाज टाकलेली असते. सात शतकांनंतरही पदर कुठं आहे यावरून या भागात बरंच काही कळतं. मुलाखतीत बाईनं मधेच पदर सारखा केला, तर मागं वळून दारात बघा. कुणीतरी आलेलं असतं, आणि पुढची उत्तरं आता त्या माणसासाठी असतात.

आता भीड. माझ्या मते तुमच्या फॉर्मला जे हवं आहे ते बरंचसं या शब्दात आहे, आणि नेमका हाच शब्द सगळ्यात ढिसाळपणे वापरला जातो. लाज साधारणपणे ‘कशाची’ असते: फाटक्या कपड्याची, न येणाऱ्या अक्षराची, अंगावरून जाण्याची. भीड ‘कुणाची’ तरी असते. एकट्या माणसाला एकट्यानं भीड वाटू शकत नाही, तिला समोर दुसरं माणूस लागतंच. मामंजींची भीड, डॉक्टरांची भीड, ज्याच्याकडून मागच्या वर्षी कडबा आणला त्याची भीड. त्यात थोडा धाक असतो, थोडा आदर असतो, आणि पुष्कळदा उपकाराचं ओझं असतं. हे प्रमाण माणसागणिक बदलतं. म्हणूनच ‘भीड वाटते का, होय की नाही’ असा चौकोन करून काही हाती लागत नाही.

भिडेची क्रियापदंही ऐकण्यासारखी आहेत. भीड वाटते. भीड पडते. भीड मोडवत नाही, म्हणजे समोरच्याला नाही म्हणता येत नाही. भीड चेपते, म्हणजे सवयीनं निघून जाते, आणि मग ती चांगली गेली की वाईट ते प्रसंगावर ठरतं. पोराची भाषणाची भीड चेपली तर कौतुक, माकडांची भीड चेपली तर हरभरा गेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, भीड घालता येते. लाज कुणी कुणावर घालत नाही, भीड घालतात. माझ्याबद्दल तुला जे वाटतं ते मी वापरतो आणि तुझ्याकडून काम करून घेतो, असा तो व्यवहार. स्वतःच्या गरजेला, पैशाला, कधी जिवालाही माणूस नाही म्हणतो, कारण समोरच्याला नाही म्हणता येत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण त्यातूनच आली.

ही म्हण मराठवाड्यात कशी चालते ते बघायचं तर सोसायटीत किंवा पतसंस्थेत जामीनकीचे कागद बघावेत. कर्ज चुलतभावाचं, जामीन हा. सही करताना याला पक्कं ठाऊक असतं की यंदा सोयाबीनला भाव नाही, हप्ता थकणार, नोटीस आपल्याच नावानं येणार. तरी सही करतो. का केली म्हणून विचारलं तर ‘भीड मोडवंना गेली’ एवढंच सांगतो. घरी बायकोला नोटीस आल्यावर कळतं. तिचं सोनं मोडतं, पोरीच्या शिक्षणाचं एक वर्ष जातं. या सगळ्याला तुमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. ‘लाज’ लिहिलंत तर ते चूक, ‘दबाव’ लिहिलंत तरी अर्धवट, कारण कुणी धमकावलेलं नसतं. उलट समोरचा हात जोडून आलेला असतो.

आणि हाच व्यवहार तुम्हीही करता. रागवू नका, पण हे सांगितलंच पाहिजे. गावात जाताना तुम्ही सोबत आशाताईंना घेता. कधी सरपंचांच्या घरचं कुणी येतं. दारात उभं राहून आशाताई म्हणतात, ‘मावशी, या म्याडम आल्यात, जरा माहिती द्या.’ मावशी माहिती देतात. पुढे संमतीपत्रावर अंगठाही देतात. ही संमती तुम्हाला मिळालेली नाही, आशाताईंना मिळालेली आहे. सुनेच्या बाळंतपणात रात्री दवाखान्यात त्याच आल्या होत्या, त्यांची भीड मोडणार कशी? कागदावर सगळं नियमात बसतं, पण ते भिडेखातर झालेलं असतं. ओळख करून देण्यापुरती आशाताईंची मदत घ्या, मग त्यांना पुढच्या घरी पाठवा. अंगठा त्याच दिवशी घेऊ नका. आणि ‘आज नको, कामाचं हाय’ हे वाक्य ऐकलं की ते पूर्ण नकार समजा. आपल्याकडे तोंडावर ‘मला नाही सांगायचं’ असं कुणी म्हणत नाही. ‘आज नको’ हाच आपला नकार असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभं राहणं म्हणजे भीड घालणं.

संकोच या शब्दावर फार वेळ घालवू नका. तो पुस्तकी आहे, दहावी-बारावी झालेल्या सुनांना कळतो, साठीच्या बाईला तो बातम्यांतला वाटतो. तिच्याकडे ‘अवघडल्यावानी होतं’ किंवा ‘कसनुसं वाटतं’ असे पुरेसे शब्द आहेत, ते घ्या. शरम मात्र मराठवाड्यात चांगली रुजलेली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, कारभार आणि बरंचसं शिक्षण उर्दूत होतं, त्यामुळे जुन्या माणसांच्या मराठीत लिहाज, मुर्वत हे शब्द सहज येतात. ‘भीडमुर्वत न ठेवता’ म्हणताना तर आपण एक मराठी आणि एक उर्दूतून आलेला शब्द शेजारी बसवतो, आणि दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. एक सावधगिरी बाळगा: मुस्लिम मोहल्ल्यात, आणि हल्ली हिंदी वाहिन्या बघणाऱ्या पोरीबाळींतही, ‘भीड’ म्हटलं की गर्दी समजतात. ‘दवाखान्यात जायला भीड वाटते का?’ याला ‘हौ, लई भीड राहते, नंबरच लागत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ती माहितीही उपयोगाचीच, फक्त ती दुसऱ्या रकान्यातली.

आता दुखणं अंगावर काढण्याकडे येऊ. लाज आणि मन मारणं इथे एकत्र येतात, म्हणून इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. ‘अवघड जागेचं दुखणं अन् जावई वैद्य’ ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत: दुखण्याची जागा ही लाज, आणि जावई ही भीड. वैद्य परका असता तर बाईनं दाखवलंही असतं. गावाकडच्या बायका आपल्याच तालुक्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला सोडून एसटीनं लांबच्या गावी दाखवायला जातात, त्याचं एक कारण हेच. तुमच्या फॉर्ममध्ये हा ‘प्रवासाचा जास्त खर्च’ म्हणून नोंदला जाईल.

कशाची लाज आणि कशाची नाही, याचे ठोकताळेही बाहेरून बांधू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया ‘पिशवी काढली’, म्हणजे ऑपरेशन करून गर्भाशय काढलं, हे चारचौघींत बोलून जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा विषय गाजला आणि सरकारनं चौकशी समिती नेमली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेकांना वाटलं असेल की हे बायकांनी लपवून ठेवलेलं असणार. पिशवी काढणं लपवलेलं नव्हतं. त्याआधीची तीन-चार वर्षं मात्र त्या गप्प असतात. अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, त्याचा वास, हे बहिणीलाही सांगत नाहीत. ऑपरेशन झालं की त्याला दवाखान्याचं नाव मिळतं, टाके पडतात, खर्चाचा आकडा असतो, मग ते बोलता येतं.

पण इथेच थांबून एक गोष्ट नीट बघावी लागते. अंगावर काढणं दरवेळी लाजेपोटी किंवा भिडेपोटी नसतं. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून जोडप्यानं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. एक दिवस कोयता पडला नाही तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. पालापासून दवाखाना लांब, जायचं तर दोघांचा दिवस जातो. अशी बाई पोटात कळ घेऊन फडात उभी राहते तेव्हा ती लाजून गप्प बसलेली नसते. तिनं हिशोब केलेला असतो, आणि तो बरोबर असतो. तिच्या उत्तरापुढे ‘सामाजिक संकोच’ लिहिलंत की दोष तिच्या स्वभावावर जातो आणि उचल, खाडा, जवळ नसलेला दवाखाना हे सगळे सुटतात. शब्दांच्या बाबतीत मी एवढी काटेकोर का आहे, असं मला नेहमी विचारतात. त्याचं कारण हे आहे.

म्हणून भावना विचारूच नका, घडलेलं विचारा. ‘हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं?’ ‘कुणाला कळू नये असं वाटत होतं?’ ‘दवाखान्यात जायचं ठरलं तर घरात कुणाला विचारावं लागतं?’ ‘त्या दिवशी कामावर गेला नसता तर काय झालं असतं?’ पहिल्या तीन उत्तरांत माणसांची नावं-नाती येतात, ती भीड. ‘कसं सांगावं, घाण वाटतं’ असं आलं तर ती लाज. शेवटच्या प्रश्नाला पैशाचं उत्तर आलं तर ना लाज, ना भीड. बहुतेकींत तिन्ही मिसळलेलं असतं, तेव्हा एकाहून जास्त खुणा करायची सोय फॉर्ममध्ये ठेवा.

तुमच्या प्रश्नावलीत जेवणाचाही भाग असेल, कारण हल्ली असतोच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ८ प्रश्नांची जी मोजपट्टी वापरतात, तिच्यात भूक असून खाल्लं नाही का, दिवसभर काहीच न खाता राहावं लागलं का, असे प्रश्न आहेत. हे मराठीत विचारताना पोरं सरळ ‘उपास घडला का?’ म्हणतात. मग बाई खुशीत सांगते, ‘घडतो की, चतुर्थी, एकादशी, सोमवार.’ उपास आणि उपाशी एकाच मुळाचे आहेत, तरी बाईच्या लेखी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक. उपास आपण धरतो, त्याचं पुण्य असतं, तो लोकांना सांगतात. उपाशी राहावं लागतं, आणि ते कुणी सांगत नाही. पंचाईत अशी की दुसरं लपवायला पहिलं फार सोयीचं पडतं. डब्यातलं पीठ संपलं त्या दिवशी नेमका तिचा सोमवार असतो. मूळ प्रश्नांमध्ये ‘पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे’ हे शब्द प्रत्येक वेळी येतात, ते कंटाळून गाळू नका. आणि बाईला तिच्याबद्दल विचारण्याआधी ताटं वाढण्याचा क्रम विचारा. कोण आधी बसतं, शेवटी कोण, शेवटी बसणारीला कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, राहतं का. ‘राहतं की, नाही राहिलं तर चटणी असतीच’ हे वाक्य ती हसत सांगते. पोटाला चिमटा घेणं, मन मारणं, हे तिच्या लेखी सांगण्याजोगं दुःखच नाही, घर चालवायची पद्धत आहे. तिथे ‘त्याग’ हा शब्द तर अजिबात वापरू नका. त्याग कीर्तनात असतो.

जुन्या बायांकडून अजून एक ऐकायला मिळेल, बाहत्तरचा दुष्काळ. १९७२ मध्ये जमिनी असलेल्या घरांतल्या बायाही खडी फोडायला गेल्या. डोईचा पदर पुढे ओढून, जमलं तर आपल्या शिवाराबाहेरच्या कामावर. त्या आठवणी सांगताना त्या ‘मदत घेतली’ असं चुकूनही म्हणत नाहीत, ‘दुष्काळी कामावर होतो’ म्हणतात. सुकडी खाल्ली हेही सांगतात, कारण ती कामावर मिळालेली होती. फुकट मिळण्यात लाज होती, घाम गाळून मिळण्यात नव्हती. तुमच्या योजनांच्या लाभाविषयीच्या प्रश्नांत ‘मदत’ हा शब्द कुठे कुठे आलाय ते याच नजरेनं तपासा.

पुरुषांविषयी तुम्ही विचारलेलं नाही, तरी मुलाखतीत शेतकरी येणारच, म्हणून थोडं. मन खचल्याची चाचपणी करायला ९ प्रश्नांची जी पीएचक्यू-९ प्रश्नावली सगळीकडे वापरतात, तिचा सहावा प्रश्न स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी ठरलो, घरच्यांना निराश केलं, असा आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं आणि ० ते ३ गुण द्यायचे. ‘अपयशी’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडचा नाही, त्याला तो परीक्षेतला वाटतो. तो म्हणतो, ‘माझ्यापायी घराचं वाटुळं झालं’, किंवा ‘तोंड दाखवायला जागा नाही राहिली’. हे वाक्य साधं धरू नका. लाज आणि भीड इथे एक होऊन आत वळलेली असतात. घरच्यांना विचारा की हल्ली तो कुणाचं तोंड चुकवतो का, पारावर बसायचा सोडला का, चहाला शेजारच्या गावी जातो का. देणेकऱ्याची भीड असलेला माणूस एक रस्ता टाळतो. सगळ्यांचंच तोंड चुकवणारा माणूस काळजीत टाकणारा असतो. असं दिसलं तर फॉर्म मिटवा, त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं ठेवू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला जवळ घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तुमच्या प्रत्येक मुलाखतकाराच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट तुमच्याच भिडेबद्दल. शहरातून आलेली मुलं चहा नको म्हणतात. त्यांना वाटतं, गरिबाच्या घरी खर्चात कशाला टाकायचं. हेतू चांगला असतो. पण मराठवाड्यात एखाद्या घरी पाणी-चहा नाकारला की ते घर आधी आपली जात आठवतं, तुमचा चांगुलपणा नंतर, आठवला तर. ज्या वस्तीत हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय, तिथे तर पाण्याचा तांब्या पुढे करणं हीच तुमची परीक्षा असते. अर्धा कप घ्या, बिनदुधाचा असला तरी घ्या. आग्रहाला दुसऱ्यांदा नको म्हणायची सगळ्यांना मुभा आहे, पहिल्यांदा नाही.

तर शब्द कोणता ठेवावा? प्रश्नाच्या वाक्यात लाज, संकोच, भीड यांपैकी एकही नको. वर दिल्यासारखे घडलेल्या गोष्टींचे प्रश्न ठेवा, आणि हे तीन शब्द मुलाखतकारानं नंतर लावायच्या खुणांमध्ये टाका, प्रत्येकाचा अर्थ दोन ओळींत लिहून. बाईनं आपणहून कोणता शब्द वापरला ते वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं, तिच्याच बोलीत उतरवा. ‘लाजायलेव’ला ‘संकोच वाटतो’ करू नका. उलट भाषांतर करून, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळाशी ताडून, तपासायची पद्धत ठीक आहे, पण ते करणारे तुमच्यासारखेच शिकलेले असतात, त्यांचं सगळं जुळतं. म्हणून फॉर्म छापण्याआधी तीन-चार गावांत, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या आठ-दहा जणींना प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तर न घेता एवढंच विचारा: ‘मी काय विचारलं असं वाटलं तुम्हाला?’ त्यातली एक तरी साठीच्या पुढची असावी, एक नुकती नांदायला आलेली, आणि एक नुकतीच फडावरून परतलेली. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, तेव्हा तिसरीसाठी त्यानंतरच जा.